अमेरिकेतले मिनरल राइट्स वारसाने आलेत? विकायच्या आधी या चुका टाळा

मिनरल राइट्स म्हणजे जमिनीखालच्या तेल-गॅस-खनिजांवरचे हक्क. घरी पत्र आलं असेल की "तुमचे मिनरल राइट्स आम्ही घेतो, एवढे डॉलर देतो, सही करून परत पाठवा", तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पत्र पाठवणाऱ्याला तुमच्या मालकीची तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहे. त्याने काउंटी क्लार्ककडचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या नोंदणी कचेरीतले, कागद उपसलेत, शेजारच्या जमिनीवर कुणी ड्रिलिंगचं परमिट काढलंय का ते पाहिलंय आणि मगच आकडा टाकलाय. तुम्ही मात्र अजून काकांची फाइल शोधताय.

आणि हा प्रश्न आपल्या लोकांना वाटतो तितका लांबचा नाही. ह्यूस्टनला तेलाच्या धंद्यात आयुष्य काढलेले मराठी लोक कमी नाहीत, त्यातल्या कुणी पश्चिम टेक्सासमध्ये चार एकर मिनरल घेऊन ठेवलेले असतात, नाहीतर सुनेच्या अमेरिकन आजोबांचं ओक्लाहोमात काहीतरी असतं, आणि मग एक दिवस ते पुण्या-नाशिकच्या भाच्याच्या गळ्यात येऊन पडतं.

आपल्याकडे शेतात तेल लागलं तर लीज सरकार देणार आणि रॉयल्टीही सरकारच्याच खात्यात जाणार, म्हणून तिथली पद्धत चटकन पचनी पडत नाही. तिथे वरची जमीन एकाची आणि खालचं तेल दुसऱ्याचं असू शकतं. त्यामुळे "रँच तर आजोबांनी कधीच विकून टाकली" म्हणून फाइल बंद करणं ही पहिली चूक. विकताना त्यांनी खालचे हक्क राखून ठेवले होते का, हे त्या वेळचं डीड, म्हणजे खरेदीखत, काढून वाचल्याशिवाय कळत नाही.

वारस नोंद न करता विकायला निघणं

मिनरल राइट्स म्हणजे कायद्याच्या भाषेत स्थावर मालमत्ता, म्हणून कायदा लागतो तो जिथे जमीन आहे त्या राज्याचा. काका कॅलिफोर्नियात वारले, तिथे मृत्युपत्राचं प्रोबेट (कोर्टातून होणारी वारसाची मंजुरी) झालं, म्हणून टेक्सासच्या काउंटीत आपोआप तुमचं नाव लागत नाही, कागद तिथेही दाखल करावे लागतात. मृत्युपत्रच नसेल तर टेक्सासमध्ये बऱ्याचदा अफिडेव्हिट ऑफ हेअरशिपवर, म्हणजे वारस कोण ते सांगणाऱ्या प्रतिज्ञापत्रावर, भागतं, त्यात कुटुंबाला ओळखणारे पण हिस्सा नसलेले दोन साक्षीदार लागतात. ते साक्षीदार दरवर्षी कमी होत जातात हे कुणी लक्षात घेत नाही! ओक्लाहोमात मात्र विकायचं म्हटलं की घेणारा बहुतेक वेळा रीतसर प्रोबेटच मागतो.

नोंद नसेल तर तेल काढणारी कंपनी पैसे बुडवत नाही, सस्पेन्समध्ये टाकते, म्हणजे अडवून ठेवते. पुढे काही वर्षांनी ते राज्याच्या अनक्लेम्ड प्रॉपर्टी (बेवारस पैशांच्या) खात्यात जातात. ते खातं नावाने शोधता येतं, फुकट आहे, वारलेल्या माणसाचं नाव टाकून बघा आणि स्पेलिंग बदलून बदलून बघा, कारण आपल्या आडनावांची तिथल्या क्लार्कांनी काय काय वाट लावलेली असते ते विचारू नका.

एकर मोजताना

"आमचे १६० एकर आहेत" असं सांगणारे खूप भेटतात. १६० एकरांचा तुकडा असेल, पण त्यातला अर्धा हक्क आजोबांचा म्हणजे ८० नेट एकर आणि वारस चार, म्हणजे तुमचे २०. आता समजा १,२८० एकरांचं ड्रिलिंग युनिट (विहिरींसाठी एकत्र केलेली जमीन) आहे आणि लीजमध्ये रॉयल्टी २० टक्के, तर २० भागिले १,२८० गुणिले ०.२०, उत्तर ०.००३१२५. डिव्हिजन ऑर्डरवर, म्हणजे कंपनी तुमचा हिस्सा लिहून पाठवते त्या कागदावर, हाच डेसिमल असायला हवा. महिन्याला विहिरींतून १० लाख डॉलरचं तेल निघालं तर तुमचे ३,१२५ डॉलर, त्यातून टेक्सासचा ४.६ टक्के सेव्हरन्स टॅक्स (तेल काढण्यावरचा कर) जाणार. हे गणित स्वतः करून बघा, कंपनीच्या कागदावरचा आकडा देववाणी नाही.

जुन्या डीडमध्ये "एक अष्टमांशाचा अर्धा" असलं काही दिसलं तर तिथेच थांबा. कॅल्क्युलेटर सांगतो एक सोळांश. पण १९२४ च्या अशाच एका डीडवर टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये निकाल दिला की त्या काळी एक अष्टमांश हा शब्द सगळ्या मिनरल हक्कासाठीच वापरायचे, म्हणून राखलेला हिस्सा निम्मा. म्हणजे आठपट फरक. असं डीड हातात असताना ऑइल अँड गॅसच्या वकिलाची फी वाचवायला जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

लीज समजून डीडवर सही

सगळ्यात महाग पडते ती ही. लीजमध्ये तुम्ही ठरावीक मुदतीसाठी, बहुतेक वेळा ३ वर्षांसाठी, ड्रिलिंगचा हक्क देता, बोनस (सहीची एकरकमी रक्कम) घेता, तेल लागलं तर रॉयल्टी चालू राहते आणि मालक तुम्हीच राहता. मिनरल डीडमध्ये मालकीच जाते. दोन्ही कागद दिसायला सारखेच, बारीक टाइप, काउंटीचं नाव, नोटरीची जागा. लीजमध्ये लीज आणि लेट असे शब्द असतात, डीडमध्ये "ग्रँट, सेल अँड कन्व्हे", ते शोधून काढा. आणि शेवटी एखादं वाक्य घुसडलेलं असतं की या काउंटीत माझं जे जे काही आहे ते सगळं यात धरावं. तुम्ही विकताय एक तुकडा आणि जातायत तीन. ते वाक्य खोडायला सांगा, घेणारा कुरकुर करेल, पण खरा गरजू असेल तर खोडतो.

सोबत चेकसारखा दिसणारा कागद आला तर तो बहुतेक ड्राफ्ट असतो, टायटल, म्हणजे मालकीचे कागद, पसंत पडलं तरच वटणार. तोवर सही केलेलं डीड त्याच्या हातात द्यायचं नाही. डीड एस्क्रोमध्ये, म्हणजे तिसऱ्या तटस्थ माणसाकडे, ठेवा, पैसे खात्यात आले की मगच ते रेकॉर्डला जाऊ दे. मालकीची वॉरंटी (हमी) जनरल नको, फक्त तुमच्या काळापुरती म्हणजे स्पेशल द्या, नाहीतर शंभर वर्षांपूर्वीच्या कुणाच्यातरी गोंधळाची जबाबदारी तुमच्या डोक्यावर.

भाव

पहिल्या ऑफरला हो म्हणू नका, तीन-चार ठिकाणांहून भाव मागवा. नवी आडवी विहीर सुरू झाल्यावर पहिले चेक घसघशीत येतात आणि लोक तोच पगार धरून पुढची वीस वर्षं मोजतात, पण शेलच्या (तेल धरून ठेवणाऱ्या घट्ट खडकातल्या) विहिरीचं उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येतं. उलट बाजूही आहे, एकच विहीर चालू असेल आणि युनिटमध्ये अजून पाच-सहा विहिरींना जागा असेल, तर नुसत्या आजच्या चेकवरून केलेली किंमत तुम्हाला मारते. टेक्सासच्या विहिरी आणि परमिट रेलरोड कमिशनच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतात. (नाव रेलरोड, रेल्वेशी आता काडीचाही संबंध नाही.) आणि तेलाचा भाव पडलेला असताना घाबरून विकू नका, २० एप्रिल २०२० ला अमेरिकन तेलाचा वायदा उणे ३७ डॉलरवर बंद झाला होता, त्या आठवड्यात विकणाऱ्याला काय मिळालं असेल! सगळं विकायलाच हवं असंही नाही. निम्मं विका आणि निम्मं ठेवा, माझं मत विचाराल तर भावंडांत एकमत होत नसेल तेव्हा हाच मार्ग बरा.

चेक अचानक कमी झाला तर लगेच चोरीचा आरोप नको. चेकसोबतच्या हिशोबाच्या स्टबवर आधी डेसिमल जुळतो का बघा, मग भाव, मग उत्पादन, मग कपाती, म्हणजे गॅस गोळा करणं, कॉम्प्रेस करणं, वाहून नेणं वगैरे. कपाती बसणार की नाही हे लीजमधल्या शब्दांवर ठरतं.

काही राज्यांत गप्प बसणंही अंगाशी येतं. लुइझियानात वापर न झालेला हक्क साधारण १० वर्षांनी जमीनमालकाकडे परत जातो. नॉर्थ डकोटात २० वर्षं न वापरलेल्या हक्कावर वरचा जमीनमालक दावा लावू शकतो. ओक्लाहोमात पूलिंगची (सगळ्या मालकांचे हक्क एका युनिटमध्ये ओढण्याची) नोटीस आली आणि मुदतीत पर्याय निवडला नाहीत तर ऑर्डरमधला ठरलेला पर्याय तुम्हाला आपोआप चिकटतो.

टॅक्स

वारसाने आलेल्या हक्काची टॅक्ससाठीची खरेदी किंमत म्हणजे मृत्यूच्या दिवशीची बाजारभावाची किंमत. तेव्हा २ लाख डॉलर होती आणि तुम्ही २ लाख १० हजारांना विकलं, तर नफा १० हजार. पण त्या तारखेचं अप्रेझल, म्हणजे किंमत ठरवणारा अहवाल, करून ठेवलेलं हवं. म्हणून म्हातारे काका "जिवंतपणीच तुझ्या नावावर करून टाकतो" म्हणाले तर प्रेमाने थांबवा, बक्षीस दिलं की त्यांची जुनी किरकोळ खरेदी किंमतच तुमच्या गळ्यात येते.

भारतात राहणाऱ्या वारसाचं गणित वेगळं. काका स्वतः अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी नसतील, तर त्यांच्या तिथल्या मालमत्तेवर इस्टेट टॅक्सची (मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणाऱ्या कराची) सूट फक्त ६०,००० डॉलरची. तुम्ही इथे बसून रॉयल्टी घेत असाल तर तिथे साधारणपणे ३० टक्के आधीच कापले जातात, नेट उत्पन्नावर टॅक्स भरायचा पर्याय असतो पण तो मागावा लागतो. विकताना घेणारा पूर्ण रकमेच्या १५ टक्के कापून सरकारला भरतो, नफा झालेला असो वा नसो. नफा कमी असेल तर फॉर्म ८२८८-बी भरून कपात कमी करून घेता येते, मात्र अर्ज क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या, तारखेपर्यंत गेलेला हवा, नाहीतर पुढच्या वर्षी रिटर्न भरून रिफंडची वाट बघायची. आणि इकडच्या इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) हा हक्क दाखवायचा, वर्षभरात एक डॉलर आला नसला तरी दाखवायचा, कारण परदेशी मालमत्ता लपवल्याचा दंड १० लाख रुपये आहे.