इमारतीचं हलणं लेझरने मोजताय? या चुका टाळा

ठिपका सरकला की इमारत सरकली, असं धरून चालू नका. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

वरच्या स्लॅबखाली लेझर, खाली फरशीवर फोटोडायोडची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या संवेदकांची पट्टी. वाऱ्याने किंवा भूकंपाने वरचा मजला सरकला की ठिपकाही तेवढाच सरकतो. पण स्लॅब जरासा कलला आणि लेझरचं तोंड फिरलं, तरीही तो सरकतोच. 3 मीटर उंचीवरून 0.1 अंशाचा कल म्हणजे खाली 5 मिमीहून जास्त. आयएस 1893 (2016) या भूकंपविषयक भारतीय संहितेत मजल्याच्या सरकण्याची मर्यादा उंचीच्या 0.004 पट, म्हणजे इथे 12 मिमी. आता बोला! लेझरशेजारी कलमापक बसवा आणि त्याचा हिस्सा वजा करा. आणि लेझर पीओपीच्या सीलिंगला मुळीच नको, थेट आरसीसीत अँकर मारा.

दुसरी खोड म्हणजे आलेख ‘स्वच्छ’ करणं. जोराच्या वाऱ्यात इमारत एका बाजूला रेलते आणि त्या रेललेल्या जागेभोवती झुलते. संथ बदल फिल्टरने काढून टाकलात, तर हे रेलणंही गेलं आणि भूकंपानंतर उरलेला कायमचा कलही गेला. मग अ‍ॅक्सेलरोमीटरच लावायचा होता की! तो त्वरण मोजतो, असं संथ सरकणं त्याला नीट दिसत नाही. मूळ नोंद जशीच्या तशी जपून ठेवा.

अर्थात संथ बदल उन्हानेही होतो. फायबर ब्रॅग ग्रेटिंग (ताण मोजणारा प्रकाशतंतूतला संवेदक) वापरत असाल तर 1550 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास 1 अंश सेल्सिअसची वाढ साधारण 8 मायक्रोस्ट्रेनइतकी, म्हणजे लांबीत दहा लाखांत 8 भाग ताणल्यासारखी दिसते. ताण न येणारं एक ग्रेटिंग शेजारी मोकळं ठेवा आणि त्याचं वाचन वजा करा.

कोकण किनाऱ्यावर समोरून कॅमेऱ्याने मोजताना तो उंच खांबावर चढवू नका, खारा वारा खांबालाही हलवतो. मागचा जांभ्याचा कातळ फ्रेममध्ये घ्या. तोही हलताना दिसला, तर हलतोय कॅमेरा. महागडा हायस्पीड कॅमेराही लागत नाही: 45 मीटर उंच आरसीसी फ्रेमचा झोका संहितेच्या सूत्राने सुमारे 1.3 सेकंदाचा, त्याला सेकंदाला 30 फ्रेम पुष्कळ. पैसे लेन्सवर घाला. काचेवरचं मीठ मात्र वरचेवर पुसावं लागतं.

आणि विजेचं काय? 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीत कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. लेझर, संवेदक आणि नोंदयंत्र तिन्ही बॅटरीवर हवीत. नुसतं नोंदयंत्र जोडलं तर ऐन वादळात रिकाम्या पट्टीचीच नोंद होत राहील.