मेडिकेअरचे पैसे कापून आले? या चुका टाळा

सगळे क्लेम मंजूर, एकही डिनायल नाही, आणि बँकेत जमा शून्य. अमेरिकेच्या मेडिकेअरचं, म्हणजे तिथल्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचं, बिलिंग करणाऱ्याला असा दिवस कधी ना कधी दिसतो. मला दिसला तेव्हा मी अर्धी शिफ्ट एकेक क्लेम उघडून बघत बसले होते. घोळ तिथे नव्हताच.

वसुली बहुतेकदा क्लेमच्या ओळीत नसते. ती रेमिटन्सच्या (पेमेंटसोबत येणाऱ्या तपशीलपत्रकाच्या) अगदी तळाशी, पीएलबीमध्ये, म्हणजे एकेका क्लेमऐवजी डॉक्टरच्या एकूण पेमेंटमधले फेरफार दाखवणाऱ्या भागात असते. तिथे डब्ल्यूओ म्हणजे पूर्वी जास्त दिलेल्या पैशांची वसुली, एफबी म्हणजे पुढे ओढलेली बाकी, एल6 म्हणजे व्याज. जमा जुळत नाही म्हणून ही रक्कम रुग्णांच्या खात्यांवर वाटून टाकणारे महाभाग आहेत. तसं केलंत तर पुढचे दोन महिने हिशेब उसवत बसाल.

दुसरी चूक, सगळी कपात एकाच माळेत ओवायची. मेडिकेअरने स्वतःचे जादा गेलेले पैसे परत घेणं वेगळं आणि डॉक्टरने थकवलेल्या करापोटी आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याने, लावलेली लेव्ही (जप्ती) वेगळी. करासाठी मेडिकेअरच्या पेमेंटवर हात घालायची सक्ती 2008 च्या कायद्याने आली. तेव्हा मर्यादा पेमेंटच्या 15 टक्के होती, 2014 च्या कायद्याने 30 झाली आणि 2015 च्या कायद्याने थेट 100. शून्य जमा होण्याचं कोडं बऱ्याचदा इथेच सुटतं. अशा वेळी मेडिकेअरचे क्लेम हाताळणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरशी फोनवर भांडून काही मिळत नाही. लेव्ही उठवणं त्याच्या हातात नाही. डॉक्टरच्या सीएला आयआरएसशी बोलायला लावा.

सर्वांत महाग पडते ती तारखांची चूक. डिमांड लेटरमध्ये, म्हणजे जादा दिलेले पैसे परत मागणाऱ्या पत्रात, अपिलासाठी 120 दिवस लिहिलेले असतात, ते वाचून ऑफिस निवांत होतं. पण व्याज 31व्या दिवशी सुरू होतं आणि पैसे कापणं 41व्या दिवशी. कपात मुळातच लागू द्यायची नसेल तर पहिलं अपील 30 दिवसांत पोहोचायला हवं. दिवस मोजायचे पत्रावरच्या तारखेपासून, टपाल उघडलं त्या दिवसापासून नाही. कपात थांबली तरी व्याज चढतच राहतं, हेही डॉक्टरला आधीच सांगून ठेवा. देणं मान्य आहे पण एकरकमी झेपत नाही, तर हप्ते मागा. 60 महिन्यांपर्यंत मिळू शकतात. पत्रच मिळालं नाही म्हणता? मग पेकॉसमधला, म्हणजे मेडिकेअरच्या नोंदणी प्रणालीतला, पत्ता तपासा. तो बऱ्याचदा जुन्या क्लिनिकचा निघतो.

हॉस्पिटल विकत घेताना तर हमखास फसगत होते. जुन्या मालकाचा मेडिकेअर करार तसाच पुढे चालवायला घेतलात, की त्याची जुनी जादा रक्कमही तुमच्याच पेमेंटमधून कापली जाते. खरेदीखतात ‘मागील देणी विक्रेत्याची’ असं लिहून घेतलेलं असलं तरी मेडिकेअर ते बघत नाही. आधी कापून घेते. विक्रेत्याकडून ते पैसे काढायचे कसे, ते तुमचं तुम्ही आणि तुमचा वकील.