पाण्यातलं प्रदूषण आणि लाटा यावर काम करायचंय? आधी कागदावर हिशोब करायला शिका

नदीत नाहीतर समुद्रात सोडलेलं सांडपाणी जातं कुठं, किती पातळ होतं आणि लाटा त्याला कुठं ढकलतात, या विषयात पीजी किंवा पीएचडी करायचा विचार असेल तर माझ्या अनुभवातून थोडं सांगतो. मी सिव्हिलमधून आलो, पण फिजिक्स, पर्यावरण, ओशनोग्राफी, कुठूनही येता येतं, फक्त डिफरेन्शियल इक्वेशन बघून पळून जायचं नाही.

आल्या आल्या सॉफ्टवेअर उघडू नका. बरेच जण थेट डेल्फ्ट थ्रीडी नाहीतर माइक ट्वेंटीवन ही प्रवाह आणि प्रदूषणाचं मॉडेल करणारी सॉफ्टवेअर शिकायला घेतात, नकाशे सुंदर येतात, पण त्या रंगांवर विश्वास ठेवायचा की नाही हे हाताने हिशोब केल्याशिवाय कळत नाही. समजा नदी 100 मीटर रुंद, 2 मीटर खोल, वेग सेकंदाला अर्धा मीटर, शिअर व्हेलॉसिटी (तळाच्या घर्षणाचा जोर वेगाच्या एककात सांगणारा आकडा) 0.05 मीटर प्रति सेकंद, आणि काठावरच्या एका पाइपातून सांडपाणी पडतंय. वरपासून तळापर्यंत ते शंभर-सव्वाशे मीटरमध्येच मिसळतं, पण पलीकडच्या काठापर्यंत एकसारखं व्हायला नेहमीच्या सूत्रांनी 30 किलोमीटरच्या वर अंतर निघतं! म्हणजे पाच किलोमीटर खाली जाऊन समोरच्या काठावरून बाटली भरली आणि पाणी स्वच्छ निघालं तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. हा हिशोब मला आजही या विषयातला सगळ्यात कामाचा वाटतो.

असाच दुसरा हिशोब, पाणी अगदी स्थिर असेल आणि सगळं नुसत्या रेणूंच्या डिफ्युजनवर, म्हणजे आपोआप पसरण्यावर, सोडलं तर एक मीटर पसरायला पंधराएक वर्षं लागतात. म्हणजे प्रत्यक्षात मिसळण्याचं काम करतो तो टर्ब्युलन्स, म्हणजे पाण्यातली भोवऱ्यांची खळबळ, आणि त्याच्या जोडीला वेगातला फरक, मधलं पाणी पुढं पळतं, कडेचं मागं राहतं आणि प्रदूषणाचा ढग लांबत जातो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी 1953 मध्ये पाइपमधल्या प्रवाहासाठी हे गणितात बसवलं, ते डेरिव्हेशन एकदा तरी स्वतः करा, वेळ लागू दे.

खाडीत भरती-ओहोटी आणि घनता दोन्ही आले. समुद्राचं पाणी घनमीटरला साधारण 1025 किलो, गोडं पाणी 1000, फरक एवढासाच, पण तेवढ्यात नदीचं पाणी वरून आणि खारं पाणी खालून अशी वेगळी वाट धरतं, म्हणून फक्त वरचं सॅम्पल घेऊन भागत नाही. तलावात हेच काम तापमान करतं.

लाटांचं म्हणाल तर लिनिअर थिअरी (लाटेची उंची कमी धरून केलेलं सोपं गणित) पक्की करा, बाकीचं नंतर. 10 सेकंदांची लाट खोल पाण्यात साधारण 156 मीटर लांब असते आणि खोली लांबीच्या निम्म्याहून कमी झाली, म्हणजे इथं 78 मीटरच्या आत आली, की तिला तळ जाणवायला लागतो, मग ती हळू होते, वळते, उंच होते आणि फुटते. किनाऱ्याला तिरकी येऊन फुटली की किनाऱ्यालगतचा प्रवाह तयार होतो आणि जवळ सोडलेली घाण बाहेर खोल समुद्रात जायच्या ऐवजी त्याच पट्ट्यात किनाऱ्याकिनाऱ्यानं सरकत राहते, जिथं माणसं पोहतात. लाटा आणि प्रदूषण हे दोन वेगळे पेपर म्हणून शिकवतात पण किनाऱ्यावर ते वेगळे नसतातच.

मॉडेलकडे यायचं ते यानंतर. एक गोष्ट कायम तपासा, न्यूमरिकल डिफ्युजन, म्हणजे गणित सोडवण्याच्या पद्धतीमुळंच मॉडेलमध्ये घुसणारं खोटं मिसळणं. वेग अर्धा मीटर, ग्रिड 50 मीटरची (म्हणजे मॉडेलमधला एकेक चौकोन 50 मीटरचा) आणि साधी अपविंड स्कीम (प्रवाह जिकडून येतो तिकडच्या चौकोनाचा आकडा घेणारी पद्धत) असेल तर स्कीमच स्वतःहून सेकंदाला साडेबारा चौरस मीटरपर्यंत खोटं डिफ्युजन घालू शकते, आणि वरच्या नदीत आडवं मिसळण्याचा खरा आकडा 0.06 च्या आसपास आहे. प्रवाह ग्रिडला तिरका असला की ते खोटं मिसळणं आडवंही होतं, नकाशात पाणी लगेच स्वच्छ दिसतं, आणि असल्या नकाशावर कोणी आउटफॉलची, म्हणजे सांडपाणी सोडायच्या पाइपाच्या तोंडाची, जागा ठरवली तर त्रास खऱ्या लोकांना होतो.

फील्डला जमेल तेव्हा जाच. ऱ्होडामाइन डाय (चमकणारा लाल रंग) सोडून फ्लुरोमीटरनं (त्या चमकेवरून रंगाचं प्रमाण सांगणाऱ्या यंत्रानं) मोजायचं काम असेल तर नदीच्या पूर्ण रुंदीत मोजा, सगळ्या यंत्रांची घड्याळं आधी जुळवून घ्या, आणि वारा, भरतीची वेळ, पाण्याचा रंग वहीत तिथल्या तिथं लिहा, कारण डेटा विचित्र आला की कारण बऱ्याचदा त्या वहीतच सापडतं. आणि विषय पक्का करायच्या आधी गाइडना सरळ विचारा की मोजलेला डेटा हातात आहे का, नसेल तर तो गोळा करायला बोट आणि यंत्रं मिळणार का. दोन्हीला नाही म्हणाले तर मॉडेल तपासायला काहीच राहत नाही, तेव्हा दुसरा विषय मागा.