गर्दवर संशोधन करायचंय? आधी कूपनच्या टेबलावर बसा

एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) करून नशेच्या विषयाकडे वळणाऱ्यांना वाटतं, खरं काम आकडेमोडीचं. आकडे मात्र त्याच्या आधीच बिघडलेले असतात, फील्डवर.

दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राची देशव्यापी पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. 2,00,111 घरांत जाऊन माणसांना विचारलं, दारूचं प्रमाण बऱ्यापैकी कळलं. गर्दचं, म्हणजे ब्राऊन शुगरचं, कसं कळणार? शेजारी आई बसली असताना कोण कबूल करतो, आणि फूटपाथवर राहणारा तर घरांच्या यादीतच नसतो. म्हणून 135 जिल्ह्यांत बेकायदा नशेत अडकलेल्या 72,642 जणांना साखळीने गाठलं गेलं.

ही साखळी म्हणजे आरडीएस (रिस्पॉन्डन्ट-ड्रिव्हन सॅम्पलिंग): पाहणीत आलेलेच पुढच्यांना आणतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकाथॉर्न यांनी 1997 मध्ये मांडलेली पद्धत. सुरुवातीचे सहा-आठ जण, म्हणजे ‘सीड’, आपण निवडायचे. प्रत्येकाला साधारण 3 कूपनं. ती तो ओळखीतल्या नशा करणाऱ्यांना देतो, ते आले की त्यांना पुन्हा 3. कूपनवर नाव नाही, फक्त क्रमांक: 4, त्याने पाठवलेला 4-2, पुढचा 4-2-1. सगळे सीड एकाच ड्रॉप-इन सेंटरमधून (नशा करणाऱ्यांना मदतीसाठी येऊन बसता येतं ते केंद्र) उचलणं ही नवख्यांची हमखास चूक. मग साखळी त्याच कट्ट्याभोवती फिरत राहते. सीडमध्ये एखादी बाई हवी, विशीतला मुलगा हवा, सेंटरची पायरीही न चढलेला एक तरी हवा.

मुलाखतीचा मोबदला वेगळा, पाठवलेल्या माणसामागचा वेगळा. इंजेक्शनने नशा करणाऱ्यांची पाहणी असेल, तर रक्कम जास्त ठेवली की कूपनं विकली जातात आणि कधी सुई न टोचलेला येऊन बसतो. कमी ठेवली की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत साखळी मरते. तोतया ओळखायला बाही वर करायला लावू नका, तो पोलिसी खाक्या झाला. शेवटचं इंजेक्शन कुठे, कोणाबरोबर, कसं घेतलं ते विचारा. खरा घेणारा अडखळत नाही.

सर्वात नाजूक प्रश्न ओळखीचा: ‘या शहरात राहणारे, इंजेक्शन घेणारे किती जण तुम्हाला ओळखतात, तुम्ही त्यांना ओळखता, आणि गेल्या 30 दिवसांत भेटलात?’ घाईत विचारलं की उत्तर येतं ‘असतील शंभरेक’. विश्लेषणात वजन या आकड्याच्या उलट पडतं: 2 सांगणाऱ्याला 40 सांगणाऱ्याच्या वीसपट. म्हणून पायरीपायरीने विचारा: आधी एकूण, मग शहरातले, मग 30 दिवसांतले.

‘सुई शेअर करता का?’ याला उत्तर ‘नाही’ असंच येणार, आणि ते खोटं असेलच असंही नाही. सुई नवी, पण चमचा, कापूस, पाणी एकच. हिपॅटायटिस सी तिथूनही पसरतो. यातल्या प्रत्येक वस्तूचा वेगळा प्रश्न हवा, तोही ‘शेवटच्या वेळी’ असं बांधून. प्रश्नावलीत ‘अल्प्राझोलाम’ छापून उपयोग नाही. मालेगावात ती ‘कुत्ता गोळी’, दुसरीकडे झोपेच्या गोळीला ‘बटण’ म्हणतात. पण ‘गर्दुल्ला’ हा शब्द कागदावर नको, तोंडात तर नकोच.

वेळ सांभाळा. टर्की लागलेला, म्हणजे नशा न मिळाल्याने तडफडणारा, माणूस लवकर सुटायला काहीही सांगतो. नुकतंच घेऊन पेंगणाऱ्याची संमती ही संमतीच नव्हे. दोघांनाही दुसरी वेळ द्या, कूपन रद्द करू नका.

एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात नशा करणं हाच गुन्हा आहे, त्यामुळे सही केलेला संमतीपत्राचा गठ्ठा हीच जोखीम. सहीऐवजी तोंडी संमतीची सूट संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीकडे आधीच मागा, आणि त्यासाठी वेळापत्रकात महिने धरा, आठवडे नव्हे.

शेवटी एकूण संख्या काढायची ती गुणकाने. समजा शहरातल्या ड्रॉप-इन सेंटरच्या रजिस्टरवर वर्षभरात 300 जण आहेत आणि साखळीतले 25 टक्के म्हणतात ‘आम्ही तिथे गेलो होतो’, तर अंदाज 1200. रजिस्टरवर तोच माणूस दोन नावांनी असला, की 300 फुगतो आणि त्याबरोबर 1200 सुद्धा. तेव्हा गणिताच्या आधी रजिस्टर घेऊन तिथल्या आउटरीच वर्करशेजारी (वस्तीत फिरून या लोकांना भेटणारा कार्यकर्ता) दोन दिवस बसा. दुबार नावं त्याला तोंडपाठ असतात.