काय-वर्ग चाचणी करताना या चुका टाळा

समजा, बचत गटाच्या अभ्यासासाठी एखाद्या तालुक्यातील 120 महिलांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी 60 बचत गटाच्या सदस्य आहेत आणि 60 नाहीत. सदस्यांपैकी 36 जणी गेल्या वर्षी ग्रामसभेला गेल्या, 24 गेल्या नाहीत. सदस्य नसलेल्यांमध्ये हे आकडे नेमके उलट, म्हणजे 24 आणि 36 आहेत. गटाचे सदस्यत्व आणि ग्रामसभेतील उपस्थिती या दोन गुणात्मक चलांचा (गटांत मोडणाऱ्या वैशिष्ट्यांचा) संबंध आहे का, हे तपासण्यासाठी काय-वर्ग (काय-स्क्वेअर) चाचणी वापरतात. संबंध नसता तर सारणीच्या चारही कप्प्यांत प्रत्येकी 30 महिला अपेक्षित होत्या. प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्येतील फरक 6, त्याचा वर्ग 36, त्याला 30 ने भागले की 1.2, आणि चार कप्प्यांचे मिळून काय-वर्गाचे मूल्य 4.8 येते. एक स्वातंत्र्य अंश (बेरजा ठरल्यावर मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या कप्प्यांची संख्या) आणि 5 टक्के सार्थकता पातळी (संबंध नसताना तो आहे असे ठरवण्याची मान्य जोखीम) यांसाठी कोष्टकातील मूल्य 3.84 असल्याने संबंध सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोगाचा नसावा असा, ठरतो. गणित एवढेच आहे, आणि तरीही प्रबंधिकांमध्ये ही चाचणी वारंवार चुकलेली दिसते, कारण चूक बहुतेक वेळा गणितात नसून सारणीत काय भरले यात असते.

सर्वांत घातक चूक म्हणजे संख्यांऐवजी टक्केवारी भरणे. वरच्याच सारणीत 60, 40, 40, 60 अशा टक्केवाऱ्या घालून पाहा: काय-वर्ग 8 येतो, कारण 120 महिलांच्या जागी आपण नकळत 200 महिला गृहीत धरलेल्या असतात. याच टक्केवाऱ्या केवळ 40 महिलांच्या पाहणीतून आल्या असत्या, तर खरे मूल्य 1.6 येऊन संबंध सार्थ ठरला नसता. 1,200 महिलांच्या पाहणीतून आल्या असत्या, तर ते 48 झाले असते. टक्केवारी वाचकाला समजण्यासाठी सारणीत अवश्य द्यावी, पण चाचणी मात्र मोजलेल्या माणसांवरच करावी.

याच उदाहरणातून दुसरी गफलतही उघड होते. काय-वर्गाचे मूल्य मोठे म्हणजे संबंध घट्ट, असे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात 1.6, 4.8 आणि 48 या तिन्ही ठिकाणी संबंधाची तीव्रता तीच आहे. काय-वर्गाला एकूण संख्येने भागून वर्गमूळ काढले, तर तिन्ही वेळा 0.2 हेच उत्तर येते. दोन बाय दोनच्या सारणीत याला फाय गुणांक म्हणतात. मोठ्या सारणीसाठी क्रेमरचा व्ही वापरावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) सात लाखांहून अधिक महिलांच्या मुलाखती झाल्या. एवढ्या आकाराच्या नमुन्यात जवळपास कोणतेही दोन चल सार्थ संबंध दाखवतील, तेव्हा तेथे तीव्रता सांगितल्याशिवाय निष्कर्षाला अर्थ नाही. शिवाय अशा सर्वेक्षणात आधी गावे किंवा वस्त्या आणि मग त्यांतील घरे निवडलेली असतात. एकाच वस्तीतील उत्तरे एकमेकांसारखी असतात आणि प्रत्येक उत्तराला भारांक (लोकसंख्येतील वाट्यानुसार दिलेले वजन) असतो, त्यामुळे साधी चाचणी चालत नाही; राव आणि स्कॉट यांची सुधारित चाचणी घ्यावी लागते.

आता संगणकाकडे वळू. एक्सेलमधील काय-स्क्वेअर टेस्ट हे सूत्र काय-वर्गाचे मूल्य देत नाही, थेट पी-मूल्य देते, म्हणजे संबंध नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता. आपल्या उदाहरणात ते 0.028 दाखवेल. हाच आकडा काय-वर्ग समजून 3.84 शी ताडून पाहणारा विद्यार्थी ‘संबंध नाही’ असे लिहून मोकळा होतो, म्हणजे निष्कर्ष बरोबर उलटा. दुसरा घोळ दोन मित्रांच्या उत्तरांत फरक आला की लक्षात येतो: एसपीएसएस या सांख्यिकी संगणक-प्रणालीच्या पहिल्या ओळीत 4.80 दिसते आणि ‘आर’ ही दुसरी प्रणाली मात्र 4.03 सांगते. दोघांचेही गणित बरोबर असते. ‘आर’ दोन बाय दोनच्या सारणीला येट्स यांनी 1934 मध्ये सुचवलेली, मूल्य थोडे कमी करणारी दुरुस्ती आपोआप लावते. कोणते मूल्य दिले आहे ते नमूद करावे, सोयीचे निवडू नये. आणि एसपीएसएसमध्ये .000 छापून आले म्हणून ‘पी बरोबर शून्य’ असे लिहू नये, 0.001 पेक्षा कमी असे लिहावे.

स्वातंत्र्य अंश चुकले तर फार संकोचू नये, कारण 1900 मध्ये ही चाचणी मांडणारे कार्ल पिअर्सन स्वतःच येथे अडखळले होते. त्यांच्या हिशेबाने दोन बाय दोनच्या सारणीला 3 अंश मिळत. फिशर यांनी 1922 मध्ये ते 1 असल्याचे दाखवले. 3 अंश धरले तर कोष्टकातील मूल्य 7.81 होते आणि आपला 4.8 निष्प्रभ ठरतो. ओळींतून एक वजा, स्तंभांतून एक वजा, आणि दोहोंचा गुणाकार, एवढे सूत्र पक्के ठेवावे. ‘एकूण’ची ओळ आणि ‘एकूण’चा स्तंभ मोजू नयेत.

‘कप्प्यात पाचपेक्षा कमी नको’ हा नियम सर्वांना पाठ असतो, पण तो अपेक्षित संख्येबद्दल आहे, प्रत्यक्ष संख्येबद्दल नाही. प्रत्यक्षात शून्य असलेला कप्पाही चालू शकतो. अपेक्षित संख्या लहान असेल तर दोन बाय दोनसाठी फिशरची अचूक चाचणी घ्यावी. त्याऐवजी अनुसूचित जमाती, विमुक्त जाती आणि भटक्या जमाती यांना एका कप्प्यात कोंबून संख्या भरून काढली जाते, तेव्हा नियम पाळला जातो आणि संशोधनाचा प्रश्नच हरवतो. गट एकत्र करायचेच असतील तर त्याला सामाजिक कारण असावे, आणि ते निकाल पाहण्यापूर्वी ठरवावे.

एक व्यक्ती एकाच कप्प्यात, ही अटही सहज मोडते. ‘कोणकोणत्या योजनांचा लाभ घेतला?’ या प्रश्नाला एकीने तीन उत्तरे दिली की ती तीनदा मोजली जाते. अशा वेळी प्रत्येक योजनेची ‘हो किंवा नाही’ अशी वेगळी सारणी करावी. प्रशिक्षणापूर्वी आणि नंतर त्याच महिलांना विचारले असेल, तर मॅक्नेमार चाचणी लागते.

सारणी निर्दोष असूनही अर्थ चुकू शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पदव्युत्तर विभागांत 1973 साली अर्ज केलेल्या 8,442 पुरुषांपैकी सुमारे 44 टक्क्यांना आणि 4,321 स्त्रियांपैकी सुमारे 35 टक्क्यांना प्रवेश मिळाला. लिंग आणि प्रवेश यांचा संबंध चाचणीत ठळक दिसला. मात्र विभागवार सारण्या केल्यावर स्त्रियांविरुद्धचा तो कल टिकला नाही, कारण ज्या विभागांत सर्वांनाच प्रवेश मिळणे कठीण होते, तेथे स्त्रियांचे अर्ज अधिक होते. आपल्या बचत गटाच्या सारणीतही वयाचा किंवा शिक्षणाचा असाच हात असू शकतो, म्हणून ‘गटामुळे उपस्थिती वाढली’ असे लिहिण्याआधी वयोगटानुसार सारणी फोडून पाहावी. आणि फोडलेल्या लहान सारण्यांत पी-मूल्य 0.05 च्या वर गेले, तर ‘संबंध नसल्याचे सिद्ध झाले’ असे न लिहिता ‘शून्य परिकल्पना (संबंध नाही हे गृहीतक) नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही’ असे लिहावे.