अस्तानाचा नुरझोल मार्ग पायी कसा पाहावा

कझाकस्तानची राजधानी अस्ताना येथील नुरझोल हा पादचारी मार्ग पाहण्यासाठी पश्चिमेकडील खान शातिरपासून पूर्वेकडे चालत जावे, म्हणजे बायतेरेक मनोरा समोरून हळूहळू मोठा होत जाताना दिसतो. नॉर्मन फॉस्टर यांनी आखलेली आणि 2010 मध्ये खुली झालेली खान शातिर ही इमारत तंबूच्या आकाराची असल्याने भटक्या कझाकांच्या वस्त्यांची आठवण करून देते. आतील दुकानांत मात्र फार रेंगाळू नये.

बायतेरेकला सवड काढावी. जीवनवृक्षाच्या शेंड्यावर सामरुक पक्षी सोनेरी अंडे घालतो, या कझाक दंतकथेवर तो बेतलेला असून 1997 मध्ये राजधानी अल्माटीहून येथे हलली, त्या वर्षाची खूण म्हणून त्याचा सज्जा 97 मीटरवर ठेवला आहे. आधी खाली उभे राहून वृक्ष आणि अंडे यांचा आकार नीट न्याहाळावा आणि मगच लिफ्टने वर जावे.

हिवाळ्यात तापमान उणे 30 अंशांपर्यंत उतरते आणि गवताळ मैदानावरचा वारा बोचतो, त्यामुळे उन्हाळ्यातील संध्याकाळच निवडावी. प्रवेशशुल्कासाठी थोडे तेंगे, म्हणजे कझाकस्तानचे चलन, जवळ असू द्यावेत.