पाचगणीच्या शाळेत घालताना: प्रवेश, ट्रंक आणि पहिला महिना

पाचगणीच्या शाळा बघायला पालक मे महिन्यात येतात. हवा छान असते, टेबललँडवर घोडे असतात आणि शाळा रिकामी असते. शाळा बघायला याहून वाईट वेळ नाही. मुलं सुट्टीवर, मेस बंद, खोल्यांना नुकताच रंग दिलेला. इमारत दिसते, वसतिगृह दिसत नाही. निवासी शाळेत आपण जादा पैसे मोजतो ते दुपारी चार ते सकाळी सात या वेळेत मुलाकडे कोण बघतं यासाठी. गणित-विज्ञान काय, वाई-साताऱ्यातही चांगलं शिकवतात.

म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये, शनिवार-रविवार सोडून, आधी वेळ ठरवून जा. दुपारी चारला पोचा आणि जेवणापर्यंत थांबा. 'वसतिगृह संध्याकाळी दाखवत नाही' असं उत्तर आलं, तर तेही उत्तरच समजा. पाचगणी सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे. महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी पाऊस इथे पडतो, तरी धुकं आणि दमट हवा आठवडेच्या आठवडे हटत नाही. कपडे वाळवायला बंदिस्त, गरम हवेची खोली आहे का, ते स्वतः जाऊन बघा. दोऱ्या कॉरिडॉरमध्ये बांधलेल्या असतील तर पोरं ओलसर मोजे घालून वर्गात बसतात, आणि ऑगस्टमध्ये सिक रूम का भरते ते कळतं.

सहशिक्षणाच्या शाळेत वर्ग, मैदान आणि बहुतेक ठिकाणी मेसही एकत्र असते. पाचगणीत संजीवन (१९२२) आणि न्यू एरा (१९४५) या अशा जुन्या शाळा. वसतिगृहं मात्र वेगळी, तेव्हा मुलगा असो की मुलगी, आपल्या लेकराच्या इमारतीचीच चौकशी करा. रात्री त्या मजल्यावर कोण झोपतं आणि त्यांच्या रजेच्या दिवशी कोण? पाचवीतली आणि नववीतली मुलं एका डॉर्ममध्ये आहेत का? किती मुलांमागे एक संडास, किती मुलांमागे एक बाथरूम? खिडकीच्या गजांना आतून उघडणारी एखादी चौकट आहे का, आग लागली तर बाहेर पडायचा दुसरा जिना कुठला? रात्री ताप चढला तर नर्स आवारातच राहते की फोन करून बोलवावी लागते? 'आमच्याकडे सगळी सोय आहे' हे यातल्या कशाचंच उत्तर नाही.

प्रवेशासाठी पाचवी किंवा सहावी सगळ्यात सोयीची. सातवी-आठवीत मैत्रीचे गट पक्के झालेले असतात, नवं पोर एकटं पडतं. नववीत चालतं, पण सीबीएसई आणि आयसीएसई दोन्हीकडे बोर्डाची नोंदणी नववीतच होते, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच यायला हवं. दहावीत थेट प्रवेश पालकांची बदली वगैरे कारणांशिवाय मिळत नाही. कोणी 'करून देतो' म्हणाला तर तिथून उठा.

अर्ज साधारण आदल्या वर्षीच्या दिवाळीपासून सुरू होतात. इंग्रजी आणि गणिताची चाचणी, मग मुलाशी आणि पालकांशी गप्पा. चाचणी मागच्या इयत्तेच्या अभ्यासावर असते, क्लास लावायची गरज नाही. मराठी माध्यमातून येणारं मूल गणितात अडत नाही, शाब्दिक उदाहरणांच्या इंग्रजीत अडतं. दोन महिने रोज अशी चार उदाहरणं मोठ्याने वाचून घेतली तरी पुरतं. गप्पांच्या वेळी मुलाला 'तुला इथे यायचंय का?' हे हमखास विचारतात. पढवलेलं उत्तर तिथल्या लोकांना लगेच ओळखू येतं.

खरा घोळ होतो कागदांत. जन्मदाखला, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर एक हवं. आपल्याकडे मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव गायब, असं सर्रास असतं. पाचवीत हे कोणी बघत नाही. नववीत बोर्डाकडे नाव गेलं की दुरुस्तीला महिने लागतात, आणि पुढे पासपोर्टला तेच आडवं येतं. प्रवेशाआधीच दुरुस्त करून घ्या. जुन्या शाळेतून दाखल्याबरोबर मुलाचा पेन क्रमांक (प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा अकरा अंकी शिक्षण क्रमांक) घ्या आणि यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर मुलाला तिथून सोडलं आहे याची खात्री करा. जुन्या शाळेने तेवढं न केल्यास नव्या शाळेच्या यादीत मूल दिसतच नाही. परराज्यातून येत असाल तर दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आहे का बघा.

राखीव प्रवर्गातल्या पालकांनी आणखी एक करावं. राज्य मंडळाच्या शाळेच्या दाखल्यावर जात लिहिलेली असते. केंद्रीय बोर्डाच्या दाखल्यावर बऱ्याचदा नुसता प्रवर्ग असतो. पुढे जात पडताळणीला शाळेतली नोंदच मागतात. म्हणून प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा (प्रवेशाच्या नोंदवहीचा) उतारा, सही-शिक्क्यासह, आत्ताच काढून ठेवा. दहा वर्षांनी ती शाळा असेल की नाही सांगता येत नाही.

डेहराडून किंवा उटीचा विचार चालला असेल आणि मुलाने डॉक्टर व्हावं असंही मनात असेल, तर आधी हिशोब करा. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशात राज्याच्या कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातून झालेली लागते. सवलत आहे ती मुख्यतः सरकारी नोकरीतल्या बदल्यांसाठी. पाचगणीला हा प्रश्न येत नाही.

फीच्या कागदावर प्रवेश फी, अनामत, शिक्षण शुल्क, वसतिगृह आणि मेस, लाँड्री, आणि मुलाच्या नावचं खर्चाचं खातं असं वेगवेगळं लिहिलेलं असतं. त्या खात्यातून वह्या, केस कापणं, टक शॉप (शाळेतलं खाऊचं दुकान), सहल सगळं वळतं होतं आणि ते वर्षात दोनदा तरी भरावं लागतं. गणवेश आणि सहल धरून वर्षाचा एकच आकडा काढा. मग मूल मध्येच काढायचं झालं तर काय, ते कलम वाचा: एका सत्राची लेखी सूचना दिली नाही तर पुढच्या सत्राची फी जाते, अशी अट पुष्कळ ठिकाणी असते. अनामत परत मिळते, प्रवेश फी नाही. आयकराच्या जुन्या करप्रणालीत सवलत फक्त शिक्षण शुल्काला, दोन मुलांपर्यंत, वसतिगृहाला नाही. म्हणून पावतीवर शिक्षण शुल्काचा आकडा वेगळा लिहून घ्या.

वाई, भिलार किंवा पाचगणीतलंच घर असेल तर डे स्कॉलर, म्हणजे रोज घरून ये-जा करणारं मूल, हा पर्याय आहे. खर्च खूप कमी. पंचवीस टक्के मोफत जागांचा शिक्षण हक्क कायदाही अशा शाळांत फक्त डे स्कॉलरांना लागू होतो, वसतिगृहाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तसं म्हटलं आहे. तोटा एवढाच की संध्याकाळचा प्रेप (सगळ्यांनी एकत्र बसून करायचा अभ्यास), नाटकाची तालीम, रात्रीच्या गप्पा यांत ते मूल नसतं. प्रेपला थांबू देतात का आणि नंतर धुक्यात वाईकडचा पसरणी घाट उतरायला गाडी कोणाची, हे दोन्ही ठरवून घ्या. (बाहेरून वडापाव आणून द्यायची गळ वसतिगृहातली मुलं याच पोरांना घालतात. पकडलं गेलं तर शिक्षा दोघांना.)

आता ट्रंक. शाळेची यादी कोरड्या हवेचा विचार करून केलेली असते. आतले कपडे आणि मोजे सहा जोड लिहिले असतील तर दहा न्या. बूट दोन जोड, म्हणजे एक वाळतो. चामड्याच्या बुटांना आठ दिवसांत बुरशी येते, जुना कपडा आणि पॉलिशची डबी बरोबर हवी. छत्री वाऱ्यात टिकत नाही, गुडघ्याखाली येणारा रेनकोट आणि गमबूट घ्या. कुलूप किल्लीचं असेल तर एक किल्ली हाउस पेरेंटकडे (वसतिगृहात राहून मुलांकडे बघणाऱ्यांकडे) द्या. औषधं ट्रंकेत ठेवू नका, चिठ्ठीसह नर्सकडे द्या.

प्रत्येक कपड्यावर मुलाचा लाँड्री नंबर हवा, म्हणजे धुतलेला कपडा कोणाचा ते कळतं. मार्कर गडद कपड्यावर दिसत नाही आणि पांढऱ्यावर पाच-सहा धुण्यांत पुसट होतो. सुती पट्टीवर नंबर भरून घ्या आणि पट्टी चारही बाजूंनी शिवा. नुसती दोन टोकं टाचली तर मशीनमध्ये धागा अडकून उसवते. शर्टाला कॉलरच्या आत, पँटला कमरेच्या पट्टीत मागे. मोज्याला पट्टी बोचते, तिथे वरच्या काठाला रंगीत दोऱ्याचे चार टाके घाला, सगळ्या जोडांना एकच रंग. हे काम दोन संध्याकाळी खातं, निघायच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका. मुलालाही चार टाके घालायला लावा, बटण त्यालाच लावायचंय पुढे.

सोडायला गेलात की गादीवर चादर घालून द्या, हाउस पेरेंटना भेटा आणि निघा. 'नाही आवडलं तर लगेच घेऊन जाईन' हे वाक्य तोंडातून काढू नका. त्यानंतर प्रत्येक फोन ही घासाघीस होते आणि मूल तिथे रमायचा प्रयत्नच सोडतं. त्याऐवजी 'दिवाळीच्या सुट्टीत बसून बोलू' असं ठरवा आणि खरंच बोला. पहिले तीन आठवडे फोनवर रडणं होतंच, विशेषतः रविवारी दुपारी, कारण त्या वेळी करायला काही नसतं. फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत तेच पोर फुटबॉल खेळत असतं. हाउस पेरेंटना विचारा, सांगतील.

काळजीची लक्षणं वेगळी. रडणं नाही, पण बोलणंच थांबलंय. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालंय. वजन उतरलंय, वस्तू सारख्या हरवतायत, एखाद्याचं नाव काढलं की विषय बदलतोय. अशा वेळी फोनवर उलटतपासणी करू नका. जाऊन मुलाला आवाराबाहेर घेऊन जा, जेवू घाला, मग ऐका. शाळेला लेखी कळवा. लैंगिक त्रासाची शंका असेल तर शाळेच्या चौकशीची वाट बघायची नसते. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं शाळेलाही बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक मुलाला पाठ असू द्या.

पहिल्या आउटिंगला (पालकांनी मुलाला बाहेर न्यायच्या दिवशी) पुण्याला घरी न्यायचा मोह टाळा. येऊन-जाऊन दोनशे किलोमीटर होतात, मूल गाडीत झोपतं आणि परतताना पुन्हा पहिल्या दिवसासारखं रडतं. वाईला जा, घाटावर बसा, जेवा, केस कापून घ्या. जोडून सुट्टी आली की पसरणी घाटात गाड्या अडकतात, म्हणून सहाला परत पोचायचं असेल तर वाईहून साडेचारलाच निघा.